एकच पट्टा, तीन वेळा: रामटेक तालुक्यातल्या एका नकाशाचं प्रकरण

छेदावर, म्हणजे जमीन उभी कापली तर आतले थर कसे दिसतील त्या चित्रावर, तीन काळ्या रेघा होत्या. तिन्ही एकमेकींना समांतर, तिन्ही दक्षिणेकडे कललेल्या, आणि त्यांच्या अधेमधे शिस्ट आणि क्वार्ट्झाइट हे खडक. बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या आठ मुलामुलींनी तीन दिवस पायपीट करून हा छेद काढला होता. उत्तरेकडून दक्षिणेकडे ४२० मीटर, त्यात दहा थर, एकूण जाडी सुमारे ३८० मीटर. रेखाटन स्वच्छ होतं, नोंदी नीट होत्या, गणितही बरोबर. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात तो कागद बघून मीसुद्धा मान डोलावली. पुढच्या दोन दिवसांत तो मुळापासून बदलला. दहा थर नव्हतेच, चार होते. तो का चुकला आणि कशाकशाने दुरुस्त झाला, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

गावाचं नाव देत नाही, कारण यात एका शेतकऱ्याची खासगी विहीर आहे. जागा रामटेक तालुक्यातली, मनसरहून देवलापारकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. डिसेंबरचा महिना, धान कापून झालेलं, बांध्या रिकाम्या, नाल्याला टोंगळ्याएवढंही पाणी नाही. नकाशासाठी याहून चांगला काळ नाही. पावसाळ्यात इथला अर्धा खडक पाण्याखाली आणि उरलेला गवताखाली असतो.

जमीन

विदर्भ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काळी जमीन आणि तिच्याखालचा बसाल्ट येतो. यवतमाळ, वाशिम, अमरावतीचा मोठा भाग तसाच आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि ते थर आजही जवळजवळ आडवेच पडलेले आहेत. नागपूर ओलांडून रामटेक, तुमसरकडे निघालं की चित्र बदलतं. इथला खडक कितीतरी जुना, खोल जमिनीत तापलेला, दाबलेला, पुन्हा स्फटिक झालेला. सौसर समूह म्हणतात त्याला. त्यातल्या स्तरांना नावंही गावांचीच आहेत: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिचुआ. चोरबावली म्हणजे पेंचच्या वाटेवरची चोरबाहुली.

आमच्या कामाच्या पट्ट्यात तीनच खडक नजरेत भरत होते. पहिला अभ्रकाचा शिस्ट, उन्हात चमकणारा, नखाने पापुद्रे निघणारा. दुसरा क्वार्ट्झाइट, ज्याला गावात गारेचा दगड म्हणतात. हातोडी मारली की ठिणगी उडते आणि हात झिणझिणतो. तिसरा गोंडाइट. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ या खनिजांचा हा खडक, बाहेरून काळाकुट्ट, ताजा फोडला की आत नारिंगी-तपकिरी दाणे. भूशास्त्रज्ञ लुईस ली फर्मर यांनी भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. गोंड समाजाच्या नावावरून या खडकाला गोंडाइट हे नाव त्यांनीच दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे, आणि तो इथल्या माणसांचा आहे, हे मी दरवर्षी मुलांना आवर्जून सांगते.

पहिला छेद आणि त्यामागचा विचार

मुलांची चूक आळशीपणाची नव्हती. तिच्यामागे तीन कारणं होती आणि एकेकटी घेतली तर तिन्ही पटण्यासारखी.

पहिलं, नती. थर कोणत्या दिशेला किती अंशांनी कललाय, ती त्याची नती. ४२० मीटरच्या वाटेवर मुलांनी जिथे जिथे कल मोजायचा क्लायनोमीटर टेकवला तिथे नती दक्षिणेकडेच मिळाली, ५७ ते ७२ अंशांच्या दरम्यान. सगळे थर एकाच बाजूला झुकलेत, म्हणजे पुस्तकांची चळत तिरकी झाली आहे, असा साधा अर्थ त्यांनी काढला.

दुसरं, वर्गात शिकलेली गोष्ट. सौसर समूहात मँगनीज तीन पातळ्यांवर मिळतं: मनसर स्तराच्या तळाशी, त्याच्या मध्ये, आणि वर चोरबावलीला टेकतो तिथे. मुलांना जमिनीवर तीन काळे पट्टे मिळाले आणि पुस्तकातल्या तीन पातळ्या आठवल्या. तीनास तीन जुळले. जुळणाऱ्या आकड्यावर फार लवकर विश्वास बसतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छेद काढण्यात पुढाकार होता अंजनगावकडच्या एका मुलाचा. तो लहानपणापासून बसाल्ट बघत आलेला. "आमच्याकडे विहिरीत उतरलं की पोळीवर पोळी ठेवल्यासारखे थर दिसतात, मॅडम," तो म्हणाला. त्याच्या मनात थर म्हणजे खालून वर रचलेली गोष्ट. खालचा जुना, वरचा नवा. बसाल्टच्या मुलखात हा नियम कधीच दगा देत नाही. इथे मात्र खडकाने तो नियम केव्हाच मोडलेला आहे.

एक अडचण होती आणि ती त्यांना दिसलीही होती. पहिल्या आणि दुसऱ्या काळ्या पट्ट्यामध्ये क्वार्ट्झाइटची ठसठशीत धार होती, जवळपास साठ मीटर रुंद. पूर्वेकडे चालत गेलं की ती एका वावराच्या धुऱ्याजवळ एकाएकी संपत होती. पलीकडे नुसती माती. एवढा जाड आणि कडक थर असा नाहीसा कसा होईल? मुलांनी तिथे उत्तर-दक्षिण एक तुटक रेघ मारली आणि लिहिलं: फॉल्ट. म्हणजे खडक तुटून सरकला ती भेग.

नकाशात काही जुळेनासं झालं की विद्यार्थी फॉल्ट टाकतो. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता फॉल्टची रेघ दिसली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे जाऊन काय दिसलं? चुरडलेला खडक, घासून गुळगुळीत झालेले पृष्ठभाग, रेघोट्या, यांतलं काही सापडलं का? उत्तर आलं, "तिथं मातीच आहे, मॅडम."

विहिरीचा ढिगारा

त्याच वावरात एक जुनी विहीर होती, आणि तिच्या काठाला खोदताना निघालेल्या दगडमातीचा ढिगारा तसाच पडलेला. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिकडे गेलो. शेतकरी धुऱ्यावर तनसीचे भारे बांधत होते. मुलांनी ढिगारा उकरायला घेतला तसे ते जवळ आले.

"काय शोधून राहिले जी?"

"काका, विहीर खोदताना पांढरा गारेचा दगड लागला होता का?" तुमसरच्या मुलीने विचारलं.

"नाही वं पोरी. वर मुरूम, मंग सारा चमकणारा भुसभुशीत. सबल मारली का पापुद्रे निघत होते. गारेचा दगड तं तिकडं हाय," त्यांनी पश्चिमेकडे हात केला. "खाली पस्तीस-चाळीस फुटावर काळा निबर लागला. सुरुंग लावा लागन म्हणाले, तं मी म्हटलं राहू द्या."

मुलांनी वहीत लिहिलं: क्वार्ट्झाइट नाही, शिस्ट, तळाला काळा दगड. अंजनगावच्या मुलाला आनंद झाला, कारण क्वार्ट्झाइट इथे नाही म्हणजे फॉल्टने ते तोडलं असणारच. काळ्या दगडाकडे त्या वेळी कोणीच लक्ष दिलं नाही.

तुमसरची मुलगी मात्र ढिगाऱ्यावरच बसून राहिली. तिचे वडील मँगनीजच्या खाणीत कामाला, त्यामुळे दगड हातात घेऊन वळवून बघायची सवय तिला घरातूनच. ढिगाऱ्यातल्या शिस्टमध्ये तिला ज्वारीच्या दाण्याएवढे गार्नेट दिसले, गडद लाल, पुष्कळ. "असा शिस्ट आपण पहिल्या पट्ट्याजवळ पण पाहिला होता," ती म्हणाली. "पण पट्ट्याच्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचा काळपट होता, बारीक दाण्याचा, त्यात गार्नेट नव्हते." तोपर्यंत सगळ्यांच्या वहीत दोन्हींचं नाव एकच होतं: शिस्ट.

प्रकरण उलगडायला सुरुवात इथून झाली असं मी मानते. तिने एका शब्दाचे दोन शब्द केले.

उलटसुलट क्रम

आम्ही सगळी वाट पुन्हा चाललो, या वेळी फक्त शिस्ट बघत. उत्तरेकडून निघालो. काळपट शिस्ट, मग पहिला गोंडाइट, मग गार्नेटचा शिस्ट, मग क्वार्ट्झाइट. क्वार्ट्झाइट ओलांडल्यावर पुन्हा गार्नेटचा शिस्ट, मग दुसरा गोंडाइट, मग काळपट शिस्टचा रुंद पट्टा. त्यानंतर तिसरा गोंडाइट, पुन्हा गार्नेटचा शिस्ट, पुन्हा क्वार्ट्झाइट.

वहीत एकाखाली एक लिहिल्यावर मुलं गप्प झाली. क्वार्ट्झाइटच्या दोन्ही बाजूंना तोच क्रम होता, फक्त उलटा, आरशात दिसावा तसा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोंडाइटमधल्या काळपट शिस्टच्या दोन्ही बाजूंनाही तसंच. तीन वेगळ्या पातळ्यांवरचे तीन पट्टे असते तर त्यांच्या शेजाऱ्यांचा क्रम असा फिरून फिरून उलटा झाला नसता. एखादी साडी घडी करून काठाकडून बघितली तर तोच काठ तीनदा दिसतो, तसं हे होतं.

म्हणजे घडी. भूशास्त्रात वली किंवा सरळ फोल्ड. कमानीसारखी वर फुगलेली ती अँटिक्लाइन, द्रोणासारखी खाली गेलेली ती सिंक्लाइन. सिंक्लाइनच्या पोटात सगळ्यात नवा खडक राहतो, अँटिक्लाइनच्या पोटात सगळ्यात जुना. मनसरच्या वर चोरबावलीचा क्वार्ट्झाइट येतो हे माहीत आहे, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यामधली क्वार्ट्झाइटची धार ही सिंक्लाइनचं पोट. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला काळपट शिस्ट हे अँटिक्लाइनचं.

"पण मॅडम," अंजनगावच्या मुलाने विचारलं, "घडी असती तर एक बाजू दक्षिणेला आणि एक उत्तरेला कलली असती ना? इथं तर सगळं दक्षिणेलाच आहे."

प्रश्न अगदी रास्त होता. घडी सरळ उभी असेल तर तो म्हणतो तसंच होतं. पण घडी इतकी आवळली की तिच्या दोन्ही बाजू जवळजवळ समांतर झाल्या, आणि मग ती सगळीच्या सगळी एका बाजूला लवंडली, तर दोन्ही बाजू एकाच दिशेला कलतात. त्यातल्या एका बाजूचे थर उलटे झालेले असतात, म्हणजे जुना वर आणि नवा खाली. कोणती बाजू उलटी, हे एरवी वाळूच्या तिरक्या थरांवरून कळतं. क्वार्ट्झाइट मूळचा वाळूचाच, म्हणून आम्ही तासभर ते शोधले. पण इथला खडक इतका पुन्हा स्फटिक झालेला आहे की ती खूण पुसली गेली आहे.

दुसरी खूण शिल्लक होती. शिस्टमधले अभ्रकाचे पापुद्रे घडीच्या मधल्या प्रतलाला समांतर बसतात. थर पापुद्र्यांपेक्षा कमी कललेला असेल तर बाजू सुलटी, जास्त कललेला असेल तर उलटी. मुलांनी पुन्हा मोजलं, या वेळी प्रत्येक ठिकाणी दोन वाचनं, एक थराचं आणि एक पापुद्र्याचं. पापुद्रे सगळीकडे ६५ अंशांच्या आसपास. पहिल्या पट्ट्याजवळ थर ५८, तिसऱ्याजवळ ५७. दुसऱ्याजवळ ७२. सात-आठ अंशांचाच फरक. ज्या वाचनांना त्यांनी 'साधारण सारखीच' म्हणून एका रांगेत बसवलं होतं, त्यांच्यातच उत्तर होतं: मधला पट्टा उलटा.

नाल्यातला मोड, आणि सकाळ-दुपारची गोष्ट

मोठी घडी कशी आहे ते तिच्या अंगावरच्या बारक्या घड्या सांगतात. अमेरिकेतले भूशास्त्रज्ञ राफेल पंपेली यांनी १८९४ साली हे निरीक्षण मांडलं आणि ते आजही त्यांच्याच नावाने शिकवलं जातं. मोठ्या घडीच्या एका बाजूला बारक्या घड्या 'झेड'सारख्या दिसतात, दुसऱ्या बाजूला 'एस'सारख्या, आणि मोडावर, म्हणजे थर वळतो तिथे, 'एम'सारख्या. मुलांना हे पाठ होतं, त्यांनी नोंदीही केल्या होत्या. आणि तिन्ही पट्ट्यांवर एकच नोंद होती: झेड.

तिन्हीकडे झेड, म्हणजे मधे घडी वळलेलीच नाही. आरशासारखा क्रम एक सांगत होता, पापुद्रेही तेच सांगत होते, आणि या नोंदी नेमकं उलट. पाचव्या दिवशी सकाळपर्यंत हा गुंता तसाच राहिला.

सुटला तो वहीच्या समासातून. उमरेडच्या एका मुलाला प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहायची सवय होती. पहिला पट्टा: सकाळी ९.४०. दुसरा: दुपारी ३.३०. तिसरा: दुसऱ्या दिवशी सकाळी ८.५०. डिसेंबरचं ऊन तिरपं, डोळ्यांवर येतं. साहजिकच सकाळी सगळे सूर्याला पाठ करून, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, खडक बघत होते आणि दुपारी पूर्वेकडे तोंड करून. काचेवर 'एस' लिहून काच मागून बघितली की ते 'झेड'कडे झुकतं. दुसऱ्या पट्ट्यावरचा 'एस' त्यांनी पाठीमागून वाचला होता. आम्ही पुन्हा तिथे गेलो, या वेळी ऊन डोळ्यांवर घेत सगळे पश्चिमेकडेच तोंड करून उभे राहिले. पहिला: झेड. दुसरा: एस. तिसरा: झेड.

मी हे लांबवून लिहिते आहे, कारण घडीचा आकार नोंदवताना आपण कुठे बघत होतो ते लिहिलं नाही तर ती नोंद कोऱ्या पानासारखीच असते. घडीचा आस, म्हणजे मोडाची रेघ, ज्या दिशेला खाली जातो त्या दिशेने बघायचं, असा शिरस्ता आहे. इथे आस पश्चिमेकडे सुमारे २० अंशांनी खाली जातो.

आस पश्चिमेला उतरतो म्हटल्यावर तुमसरच्या मुलीने पुढचं अनुमान काढलं: मग सिंक्लाइन पूर्वेकडे मिटली पाहिजे. होडीचं टोक वर यावं तसं. पहिला आणि दुसरा पट्टा पूर्वेला कुठेतरी एकमेकांना भेटले पाहिजेत.

भेटत होते. विहिरीच्या पूर्वेला तीसेक मीटरवर नाला आहे, आणि त्याच्या तळात, शेवाळ खरवडल्यावर, काळा गोंडाइट उघडा पडला. पहिल्या पट्ट्याच्या बाजूने त्यावर हात ठेवला आणि हात न उचलता चालत गेलं की खडक डावीकडून वळत, गोल फिरत, दुसऱ्या पट्ट्याच्या दिशेने परत येत होता. बाजूंवर दोन-अडीच मीटर असलेली त्याची जाडी मोडावर पाचाच्या पुढे गेली होती. "बाबा म्हणतात, मोडावर माल जाड लागतो," ती मुलगी म्हणाली. खाणीतल्या माणसांना हे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. घडी पडताना खडक बाजूंवरून सरकतो आणि मोडात साचतो.

मोडावर अभ्रकाचे पापुद्रे थरांना जवळजवळ काटकोनात छेदत होते. बाजूंवर दोन्ही समांतर वाटतात म्हणून आपण त्यांना एक समजतो. इथे ते वेगळे आहेत हे बोटाने दाखवता येत होतं.

फॉल्टची रेघ त्या दुपारी पुसली गेली. क्वार्ट्झाइट तुटलंच नव्हतं. द्रोणाच्या आत बसलेला तो सगळ्यात वरचा थर, द्रोण वर येत गेला तसा तो संपला होता.

दगड वाकतो तेव्हा

नाल्यातच बसून जेवताना कुणीतरी विचारलं, जे दरवर्षी कुणीतरी विचारतंच: हातोडीने जो फुटतो तो दगड असा वाकतो कसा?

तापमान, दाब आणि वेळ. गूळ हिवाळ्यात ठोकला तर फुटतो, चुलीजवळ ठेवून हळू दाबला तर वाकतो. हा खडक वाकला तेव्हा कित्येक किलोमीटर खोल होता, ५०० अंशांहून अधिक तापलेला. भोवतालचा दाब इतका की भेगा उघडायला जागाच नाही. आणि वेग अतिशय संथ. अशा पट्ट्यांत खडक आखडण्याचा दर सेकंदाला १० च्या उणे १४ व्या घाताइतका धरतात. हा आकडा मुलांना काहीच सांगत नाही, म्हणून तो फळ्यावर सोडवून दाखवते: या वेगाने दहा लाख वर्षांत खडक साधारण तीस टक्के आखूड होतो. माणसाच्या सबंध आयुष्यात एक किलोमीटरच्या पट्ट्यात दोन-अडीच सेंटीमीटर.

जोर आला कुठून? भारताचा उत्तरेकडचा बुंदेलखंडचा जुना भूखंड आणि दक्षिणेकडचा बस्तरचा, यांच्यामध्ये हा पट्टा सापडला. सौसरच्या खडकांवरच्या मुख्य घड्या सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या मानतात. दाब उत्तर-दक्षिण, म्हणून घड्यांचे आस ढोबळमानाने पूर्व-पश्चिम. रामटेकच्या आसपास टेकड्यांच्या रांगा कोणत्या दिशेने धावतात ते नकाशावर पाहिलं की हा दाब अजूनही वाचता येतो.

सगळे खडक सारखे वाकत नाहीत, हेही त्याच नाल्यात दिसलं. शिस्टमधून जाणाऱ्या क्वार्ट्झच्या शिरा ताणल्या जाऊन तुकड्यातुकड्यांत तुटल्या होत्या, ओवलेल्या मण्यांसारख्या. भोवतालचा शिस्ट मात्र न तुटता त्यांच्यामधल्या फटींत वाहत गेला होता. कडक थर जितका जाड तितकी त्याची घडी मोठी. बोटाएवढ्या गोंडाइटच्या घड्या बोटाएवढ्या, मीटरभर जाड थराच्या कित्येक मीटरच्या.

उमरेडच्या मुलाने पिशवीतून सुतळी काढली. एका बारक्या गोंडाइटच्या पट्टीवर, प्रत्येक वळणात दाबून, त्याने ती बसवली. दोघांनी टोकं धरली, मग ती सरळ करून मोजली: ३१० सेंटीमीटर. आणि दोन टोकांमधलं आजचं सरळ अंतर: ९५. म्हणजे ही पट्टी किमान ६९ टक्के आखूड झाली. किमान, कारण वाकण्याआधी ती चेपून जाडही झाली असणार आणि तो हिशेब सुतळीत येत नाही. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. तीन मीटर दगड एका मीटरच्या आत दुमडलेला पाहणं वेगळंच असतं.

दुसरा छेद

सहाव्या दिवशी नवा छेद काढला. दहा थरांच्या जागी चार: काळपट शिस्ट, गोंडाइट, गार्नेटचा शिस्ट, क्वार्ट्झाइट. ३८० मीटर जाडीचा आकडा गेला. तीच चळत पुन्हा पुन्हा मोजून तो आला होता. मँगनीजच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. तीन वेगळे पट्टे असते तर तिन्ही खोलवर जात राहतील असं धरलं असतं. एकच पट्टा दुमडलेला असेल तर पहिला आणि दुसरा खाली एकमेकांना मिळून संपतात.

अंजनगावच्या मुलाला अजून एक शंका होती आणि ती त्याने सोडली नाही, हे मला फार आवडलं. नाल्यात मोड दिसतो हे खरं, पण तो इथून पश्चिमेला खरंच २० अंशांनीच उतरतो का? एका ठिकाणच्या मोजणीवर सगळा छेद कसा टेकवायचा? तेव्हा त्यालाच विहीर आठवली. मोडापासून ती तीस मीटर पश्चिमेला. आस २० अंशांनी उतरत असेल तर तिथे गोंडाइट किती खोल असेल? त्याने वहीच्या मागच्या पानावर केलं: ३० गुणिले ०.३६, कारण २० अंशांच्या उतारात दर मीटरला इतकी खोली वाढते. अकरा मीटर. छत्तीस फूट.

"काका पस्तीस-चाळीस म्हणाले होते," तो हळूच म्हणाला.

सगळंच बसलं असं नाही. तिसऱ्या पट्ट्याच्या पूर्वेकडच्या टोकाला पापुद्र्यांवर बारीक सुरकुत्या आहेत, त्यांचा आस उत्तर-दक्षिण. पहिल्या घड्या पडून गेल्यावर नंतर कधीतरी वेगळ्या दिशेचा हलका दाब आल्याची ती खूण. तिथली चार वाचनं आमच्या छेदात बसत नाहीत. ती वगळू नका असं मी सांगितलं. नकाशावर ती वेगळ्या रंगात आहेत. याच तालुक्यात भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ साली देवलापारच्या परिसरात खडकांच्या आख्ख्या चादरी लांबून सरकत येऊन दुसऱ्या खडकांवर बसल्याचं मांडलं, ज्याला नॅप म्हणतात. आमची ४२० मीटरची घडी त्या मोठ्या हालचालींच्या एका कोपऱ्यातली.

निघायच्या आधी छेद शेतकऱ्याला दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. आधी आपली विहीर शोधली, मग तिच्या तळाशी काळी रेघ आहे का ते पाहिलं. ती होती. मग जमिनीच्या रेघेवर, नुसत्या कोऱ्या कागदात, मुलांनी काढलेल्या तुटक कमानीवर बोट ठेवलं.

"हे वर काय काढलं जी? हवेत?"

"तिथं पण खडक होता, काका," तुमसरची मुलगी म्हणाली. "हाच काळा पट्टा वर जाऊन वळून परत खाली येत होता. ते सगळं झिजून गेलं."

त्यांनी मान वर करून वावराकडे पाहिलं, मग क्वार्ट्झाइटच्या धारेकडे. "मंग आमच्या बांधीतली माती तेच का?"

थोडी तीच, थोडी नाल्याने आणलेली, असं मी सांगितलं. त्यांनी छेदाची एक प्रत मागून घेतली.